बिंदुनामावली जिल्ह्याची, वर्ग वस्तीचा

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारी प्राथमिक शाळांविषयी एक स्पष्ट तक्रार नोंदवली होती. शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत आणि सोवळ्याओवळ्यामुळे ते शेतकऱ्यांच्या मुलांपासून फटकून राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. उपायही त्यांनी तिथेच मांडला. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला त्यांना कमीपणा वाटू नये, मुलांत आणि त्यांच्या आईबापांत ते मोकळेपणाने मिसळावेत. शिवाय शिक्षण घेऊन तयार झालेल्या मास्तराला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा. या निवेदनातला जातीचा मुद्दा आपण जयंतीच्या भाषणांतून ऐकतो, पगाराचा मुद्दा मात्र सहसा गाळला जातो. फुल्यांच्या लेखी हे दोन्ही मुद्दे एकच होते. ज्या समाजातली मुले शिकायची त्या समाजातला माणूस फळ्यासमोर उभा राहावा, आणि तो स्वस्तात मिळतो म्हणून नव्हे, तर पूर्ण मानाने उभा राहावा, अशी ती मागणी होती. सरकारी शाळांतले शिक्षक कोण असावेत या प्रश्नाचा आज आढावा घेताना हीच जोडी नजरेसमोर ठेवावी लागते.

दरम्यान बरेच काही घडले. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि पुढे अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवली. स्वातंत्र्यानंतर आरक्षण आले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, इतर मागास वर्गांना १९ आणि विमुक्त-भटक्यांना ११ टक्के अशी वाटणी शिक्षकभरतीलाही लागू आहे, महिलांसाठीही जागा राखीव आहेत. देशभरातल्या सर्व शाळांचा विचार केला, तर यू-डायस या शाळांच्या देशव्यापी माहितीसंचातल्या २०१९-२०च्या आकडेवारीनुसार सुमारे ९७ लाख शिक्षकांपैकी ४९ लाख स्त्रिया होत्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्तच. सावित्रीबाईंनी १८४८ नंतर ज्या शहरात शेणाचा मारा सोसून शिकवले, तिथून इथवरचा प्रवास मोठाच आहे. मग तक्रार कशाची करायची?

तक्रार मोजणीच्या जागेची आहे. आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता, जिल्हा परिषदेच्या संवर्गाची असते. जिल्ह्यात अमुक हजार शिक्षक, त्यात अमुक प्रवर्गाचे इतके, हिशेब जुळला की अनुशेष भरला. मूल मात्र जिल्ह्याच्या शाळेत जात नाही, ते वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत जाते. त्याच्या पहिलीपासून चौथीपर्यंतच्या आयुष्यात मोजून दोन, फार तर तीन शिक्षक येतात. ते कोण असतील हे बिंदुनामावली ठरवत नाही. बदल्या, पटावरून शिक्षकसंख्या ठरवणारी संचमान्यता, समुपदेशनातल्या रांगा आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणाऱ्यांची यादी हे सगळे ते ठरवते. परिणामी जिल्ह्याच्या कागदावर सर्व समाज हजर असतात आणि एखाद्या कातकरी वाडीवरच्या किंवा मेळघाटातल्या पाड्यावरच्या शाळेत मुलांची बोली समजणारा एकही शिक्षक नसतो. उर्दू माध्यमाच्या शाळा सोडल्या तर मुस्लीम शिक्षक मराठी माध्यमाच्या शाळांत क्वचित दिसतो, आणि मराठी मुलांना मुस्लीम मास्तरांकडून गणित शिकण्याचा योग येत नाही. सरकारी शाळेतली विविधता शाळेगणिक मोजली गेली पाहिजे, आणि ती शाळेच्या रीतीभातींसह मोजली गेली पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

शिक्षक कोणत्या समाजातला आहे याने मुलाच्या शिकण्यात खरोखर फरक पडतो का, याचा सर्वांत पक्का पुरावा अमेरिकेतून आला आहे. तिथल्या टेनेसी राज्यात १९८०च्या दशकात मुलांना आणि शिक्षकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग वाटून देण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्या आकडेवारीवरून थॉमस डी यांनी २००४ मध्ये दाखवले की आपल्याच वंशाचा शिक्षक एक वर्ष लाभला तर गणित-वाचनात मुले तीन-चार टक्केवारी-स्थानांनी पुढे जातात. नंतर सेथ गेर्शेन्सन आणि सहकाऱ्यांनी हीच मुले मोठेपणी कुठे पोचली ते पाहिले. पहिल्या काही इयत्तांत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला असेल, तर कृष्णवर्णीय मुलांची शालान्त टप्पा पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी आणि महाविद्यालयात नाव घालण्याची शक्यता १९ टक्क्यांनी वाढलेली होती. याच देशाचा दुसरा धडा कडवट आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, मुले एकत्र आली, पण दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत पुढच्या दहा-अकरा वर्षांत अंदाजे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. एकत्रीकरण मुलांचे झाले, शिक्षकांचे झालेच नाही. त्याची झळ तिथल्या सरकारी शाळा अजून सोसत आहेत.

अमेरिकेतला वंश आणि आपली जात यांची सरळ बरोबरी करू नये, हे खरेच. म्हणून इकडचा पुरावा पाहू. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांची पाच वर्षांची माहिती तपासली. बाई शिकवायला असल्या की मुलींची प्रगती अधिक होते, आणि मुलग्यांचे त्यात काहीच नुकसान होत नाही, असे त्यांना आढळले. शेनिला रावल आणि गीता किंगडन यांनी उत्तर प्रदेश-बिहारमधल्या मुलांवरून असाच निष्कर्ष जात आणि धर्माबाबतही काढला. त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची मुले त्यांनी कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला बसवली. जातीचा उल्लेख नसताना दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग फक्त नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. कोणी अपमान केला नव्हता, कोणी रागावले नव्हते. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात अमक्या जातीच्या मुलांना हात वर करायला किंवा उभे राहायला सांगितले जाते, तेव्हा शिक्षकाच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. हा प्रयोग सांगतो की हेतूचा प्रश्नच नाही.

या चर्चेत ज्याचे नाव मुद्दाम घ्यावे आणि बहुतेक वेळा घेतले जात नाही असा आणखी एक अभ्यास आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वाटेल तशी जात लिहून त्या तपासायला शिक्षकांकडे दिल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातीचे नाव असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले. इथवर अपेक्षितच होते. पण हे गुण कापणारे शिक्षक प्रामुख्याने स्वतः त्याच सामाजिक थरातले निघाले, सवर्ण शिक्षकांच्या तपासणीत तसा फरक दिसला नाही. विविधतेचा पुरस्कार करणाऱ्याने हा निष्कर्ष लपवू नये. उलट नीट वाचला तर तो याच बाजूचा पुरावा आहे. ज्या व्यवस्थेत दलित मुलाकडून अपेक्षाच कमी ठेवायची असे प्रत्येकाला शिकवले जाते, त्या व्यवस्थेत शिकून शिक्षक झालेला माणूसही तेच मोजमाप घेऊन येतो. कदाचित आपल्यावर पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून तो हात अधिकच आखडता घेत असेल. वीस सवर्ण शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये एकट्या पडलेल्या माणसाने आपल्या समाजाच्या मुलाची बाजू घ्यावी, आणि तीही गुणवत्तेचे सोवळे सांभाळून, अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो. म्हणून माणसे बदलणे आणि शाळेची रीत बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

भाषेचा मुद्दा याच धाग्यातला, आणि महाराष्ट्रात तो सर्वांत दुर्लक्षित. २०२५च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून राज्य ढवळून निघाले आणि शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात मराठीचा कैवार घेणाऱ्या किती जणांना आठवले असेल की धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलाला, भामरागडच्या माडिया मुलाला, अक्कलकुवा-धडगावच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठी हीच परकी भाषा असते? शिक्षण हक्क कायदा शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे म्हणतो. ते शक्य करणारा शिक्षकच नसेल तर ‘शक्य तितके’ या दोन शब्दांत सगळी जबाबदारी विरघळून जाते. पुस्तिका आणि शब्दकोश निघतात, प्रशिक्षणे होतात, पण पाड्यावरच्या मुलाचे रडणे कोणत्या भाषेतले आहे ते कळणारा माणूस पुस्तिकेने तयार होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तर शिक्षण विभागाने मान्यता नाही म्हणून तिला बेकायदा ठरवले. जिथे शासनाची शाळा भाषा देत नाही तिथे गावाने ती दिली, तर गावच गुन्हेगार ठरते.

अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी शिक्षक असावेत म्हणून कायद्याने प्रयत्न झाले नाहीत असे नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने २००० साली अशा क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवल्या. बाहेरचे शिक्षक शाळेत फिरकतच नाहीत, हे त्यामागचे कारण होते. २० वर्षांनी, २२ एप्रिल २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही म्हणून तो आदेश रद्द केला. महाराष्ट्रात राज्यपालांनी ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने पेसा, म्हणजे अनुसूचित, क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासींनी भरण्याची तरतूद केली. तीही न्यायालयात अडकली, भरती रखडली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांसह आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या तेव्हा कुठे हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्यानंतर उमेदवारांना नेमणुका मिळाल्या त्या मानधनावर. इथे फुल्यांचे बारा रुपये पुन्हा आठवतात. वस्तीशाळांच्या योजनेतही हेच झाले होते. वस्तीवरचाच शिकलेला तरुण किंवा तरुणी शाळा चालवील ही कल्पना उत्तम होती, पण तुटपुंज्या मानधनावर तिचा गाडा ओढला गेला आणि त्या निमशिक्षकांना पूर्ण शिक्षक म्हणून सामावून घ्यायला २०१४ साल उजाडावे लागले. स्थानिक, वंचित समाजातला शिक्षक म्हणजे कमी पगाराचा शिक्षक, असे समीकरण एकदा रुजले की त्या शिक्षकाला गावात, केंद्रात आणि सहकाऱ्यांत मिळणारा मानही त्याच मापाचा होतो.

न्यायालयाचा निकाल पाहता पुढचा रस्ता जन्मापेक्षा भाषेच्या बाजूने काढणे शहाणपणाचे ठरेल. कोरकू बोलता येणे ही पात्रता कोणालाही मिळवता येते. बिगरआदिवासी उमेदवारही ती मिळवू शकतो आणि मिळवली तर स्वागतच आहे. पण अशी तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घेतली तर निवडले जाणारे बहुतेक उमेदवार कोणत्या समाजाचे असतील हे उघड आहे, आणि त्यात कोणाचीही समान संधी हिरावली जात नाही. यासाठी आदिवासी भागातली अध्यापक विद्यालये बंद पडू न देता तिथे त्या त्या बोलीचा पेपर सुरू करावा लागेल, आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या जाहिरातीत माध्यम व विषयाबरोबर बोलीचाही रकाना यावा लागेल.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येतो. तो आता खरे तर शिळा झाला आहे. शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी यांच्या चाळणीतून प्रत्येकाला जावेच लागते. या चाळणीला भोक पाडले ते आरक्षणाने नव्हे, पैशाने, हे पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात हजारो उमेदवार अपात्र ठरले तेव्हा राज्याने पाहिले आहे. दुसरा आक्षेप अधिक सभ्य आणि अधिक अवघड आहे. चांगल्या शिक्षकाला जात नसते, साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देणारा शिक्षक ब्राह्मणच होता, आणि कोसबाडच्या वारली मुलांपर्यंत बालवाडी पोचवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ त्या समाजाच्या नव्हत्या, असे म्हटले जाते. सगळे खरे आहे. पण त्याच साताऱ्यात त्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहावी लागत होती. एका शिक्षकाची माया आणि शाळेची रीत एकाच छपराखाली नांदत होती. ताराबाई-अनुताईंसारखी माणसे पिढीत एखाददुसरी निपजतात. राज्याला हजारो शाळा चालवायच्या असतात आणि त्या साधारण माणसांच्या बळावर चालवायच्या असतात. ज्याला मुलाची बोली, घर आणि भूक आधीच माहीत आहे असा साधारण माणूस तिथे अधिक कामाचा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपापल्या मुलांना आपापले शिक्षक द्यायचे म्हटले, तर शाहू महाराजांनी मोडलेल्या वेगळ्या शाळा मागच्या दाराने परत येतील, अशी ही भीती आहे. उर्दू शाळांचा अनुभव आणि आश्रमशाळांचे एकटेपण पाहता ती निराधार नाही. म्हणूनच मागणी दोन्ही दिशांनी केली पाहिजे. पारधी शिक्षकाची गरज पारधी बेड्यापेक्षाही कदाचित तालुक्याच्या गावातल्या मोठ्या शाळेला अधिक आहे, जिथे मराठा, माळी, वाणी मुले पारध्याबद्दल फक्त चोरीच्या गोष्टी ऐकून वाढतात. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांना जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी वेगळी आश्रमशाळा उभारावी लागली. त्यांचे काम मोठे आहे, पण सरकारी शाळेच्या चौकटीत राहून ते करता आले नाही ही गोष्ट त्या चौकटीविषयी बरेच सांगते. स्थानिक शिक्षक गावच्या राजकारणात रमतो आणि शाळा बुडवतो, असाही एक आक्षेप घेतला जातो. शिक्षकांच्या गैरहजेरीच्या देशव्यापी पाहणीत, जी अचानक भेटी देऊन केली होती आणि जिच्यात महाराष्ट्राची गैरहजेरी पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के, निघाली होती, स्थानिक आणि बाहेरच्या शिक्षकांत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे स्थानिक शिक्षक हजेरीचा रामबाण उपाय नाही, आणि शाळा बुडवणारा म्हणूनही त्याला वेगळे काढता येत नाही. त्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी आहे.

शाळेच्या रीतीभाती बदलणे हे बरेचदा भावनिक आवाहन वाटते, पण त्यातले पुष्कळ काम कारकुनी आहे. शिष्यवृत्तीची माहिती पालकांकडून खासगीत घ्यायची, वर्गात नाही. पोषण आहार कोण शिजवते आणि पंगत कशी बसते, ही केंद्रप्रमुखाच्या भेटीच्या नोंदीतली ओळ असावी. जाहिरातीत ‘शंभर टक्के निकाल’ मिरवण्यापेक्षा कोणाची मुले पाचवीनंतर गळाली ते मुख्याध्यापकाला विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा, हे कायद्याने सांगितलेलेच आहे. प्रत्यक्षात सभा कागदावर होतात आणि सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. शिक्षकाची अवस्थाही याच रीतीचा भाग आहे. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती यांत पिचलेला आणि एकट्याने चार इयत्ता सांभाळणारा शिक्षक कोणत्याही जातीचा असो, मुलाच्या बोलीकडे कान द्यायला त्याला उसंत नसते. दलित किंवा आदिवासी शिक्षिकेला त्याखेरीज गावात भाड्याने खोली मिळवण्यापासून झगडावे लागते. या अडचणीची दखल घेणारी कोणतीही नियमावली नाही.

माहिती गोळा करण्याची यंत्रणा मात्र तयार आहे. यू-डायसच्या प्रपत्रात शिक्षकाचा सामाजिक प्रवर्ग आणि मुलांचा प्रवर्ग व मातृभाषा दरवर्षी शाळानिहाय भरून घेतली जाते. हीच माहिती शिक्षक भरतात, केंद्रप्रमुख तपासतात, आणि मग ती राज्याच्या एकूण बेरजेत गडप होते. बदल्यांची प्रक्रिया सुरू होण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्याने तालुक्यातल्या प्रत्येक शाळेचे शिक्षकांचे आणि मुलांचे हे रकाने शेजारी शेजारी मांडून यादी लावली, आणि जिथे मुलांची भाषा जाणणारा एकही शिक्षक नाही ती शाळा बदलीच्या फेरीत आधी भरायची असे ठरवले, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पदही लागत नाही. अवघड क्षेत्रातल्या शाळा कोणत्या हे ठरवताना आज रस्ता, डोंगर, पाऊस, मोबाइलची रेंज असे निकष लावले जातात, म्हणजे शाळा शिक्षकाला किती अवघड आहे ते पाहिले जाते. ती मुलांना किती अवघड आहे याचा रकाना त्या तक्त्यात अजून नाही.